दर जूनला मोडणारी बचत

प्रश्न : मिस्टर सोलापुरात अक्कलकोट रोडला एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात आहेत, पगार आठवड्याला. मी घरी शाळेचे युनिफॉर्म शिवते. संक्रांतीपासून मेअखेरपर्यंत आठवड्याला दीड-पावणेदोन हजार सुटतात, एरवी सहा-सातशे. दरवर्षी संक्रांतीची गड्ड्याची जत्रा झाली की वहीत लिहिते, यंदा 36,000 टाकायचे, महिन्याला 3,000. दोन-तीन महिने जमतं. जूनमध्ये दोन्ही मुलांच्या वह्या-पुस्तकं-फीला नऊ हजार लागतात, तिथे सगळं मोडतं. मागच्या वर्षी थोरल्या जाऊबाईंनी 5,000 नेले, ते मागायला जीभ रेटत नाही. मोठी मुलगी अकरावीत आहे, पुढच्या वर्षी तिच्या ॲडमिशनला पैसे हवेत. मिस्टर म्हणतात, "आपल्याला नाही जमायचं, सोड." दिवाळीत मी वहीचं पान फाडून टाकलं. माझंच चुकतंय का?

उत्तर : ताई, तुमचं चुकलंय ते फक्त भागाकारात. 36,000 ला 12 ने भागलं की 3,000 येतात, पण तुमच्या घरात पैसा महिन्याने येत नाही आणि सारखाही येत नाही. पगार आठवड्याचा, शिलाईचा हंगाम पाच महिन्यांचा, आणि जूनचा खड्डा दरवर्षी ठरलेला. मार्चमध्ये आणि जुलैमध्ये सारखाच आकडा मागितला तर जुलैत वही फाडायची वेळ येणारच.

म्हणून वर्षाचे 52 आठवडे धरा आणि त्यांचे चार तुकडे करा. संक्रांतीनंतरचे 20 आठवडे, म्हणजे जूनच्या सुरुवातीपर्यंत, आठवड्याला 1,000. हे शिलाईतून काढा. वरचे पाच-सातशे लग्नसराईच्या अहेराला आणि घरखर्चाला राहू द्या, नाहीतर मे महिन्यात अहेरासाठीच बचतीच्या डब्यात हात जाईल. जून-जुलैचे 9 आठवडे फक्त 100. ऑगस्टपासून दिवाळीपर्यंतचे 13 आठवडे 500. दिवाळीनंतर कारखाना काही दिवस बंद असतो, तेव्हा पुढच्या संक्रांतीपर्यंतचे 10 आठवडे 300. मिस्टरांच्या दिवाळी बोनसमधले 6,000 वेगळे. बेरीज करा : 20,000, 900, 6,500, 3,000 आणि 6,000, एकूण 36,400. दिवाळी मागेपुढे झाली तर 500 चे एक-दोन आठवडे कमी-जास्त होतील, तेवढंच.

आता जूनचे 9,000. हा खर्च अचानक येत नाही, दरवर्षी येतो. त्यामुळे तो "बचत मोडली" या खात्यात लिहू नका. तेच तुमचं पहिलं उद्दिष्ट. जूनला ते पैसे काढून फी भरली की त्यावर बरोबरची खूण करा. तुमचा जीव सगळ्यात जास्त इथेच खचतोय, म्हणून हे ठासून सांगते.

दुसरं उद्दिष्ट मुलीची ॲडमिशन. त्यासाठी बँकेत फेब्रुवारीपासून 12 महिन्यांची, महिना 1,200 ची आरडी, म्हणजे दर महिन्याला ठरलेला हप्ता भरायची ठेव, काढा. 14,400 जमतील, आणि साडेसहा टक्के दर मिळाला तर वर साधारण 500 रुपये व्याज. व्याज थोडंच आहे, पण हे पैसे सहज हाताला लागत नाहीत, हा खरा फायदा. पोस्टाची आरडी चांगली असते, मात्र ती 5 वर्षांची, आणि 3 वर्षांआधी बंद करता येत नाही. या कामाला ती नको. पतसंस्था टक्का-दीड टक्का जास्त देत असेल तरी मुलीचे पैसे तिथे ठेवू नका. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्यासुद्धा, 5 लाखांपर्यंत विमा असतो. पतसंस्थेला तो लागू नाही. रोजची बचत गोळा करणारा पिग्मीवाला दारात येतो म्हणून सोयीचं वाटतं, पण मुदतीआधी पैसे काढले तर किती कापतात ते आधी विचारा.

आरडी फसते ती जून-जुलैत. तेव्हा आठवड्याला शंभरच टाकताय, हप्ता मात्र बाराशेचा. म्हणून मे संपायच्या आत त्या दोन महिन्यांचे 2,400 बचत खात्यात भरून ठेवा, हप्ता तिथून आपोआप वळता होईल. तसंच बोनस आला की नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारीचे 3,600 लगेच भरा. जूनच्या तोंडावर तुमचे 20,000 असे वाटले जातील : 9,000 शाळेला, 7,200 आरडीच्या सहा हप्त्यांना, उरलेले 3,800 अडीनडीला. वर्षअखेर अडीनडीचे 13,000 होतात.

अडीनडी म्हणजे काय, हे दोघांनी आजच ठरवा. दवाखाना, आठवड्याहून जास्त काम बंद, कामावर जायची गाडी बिघडणं. बाकी कशालाही हात लावायचा नाही, आणि लावायचा तर दोघांनी मिळून.

वहीत रोजचा भाजी-दुधाचा हिशेब लिहू नका, पंधरा दिवसांत कंटाळा येतो. एकच पान घ्या, ओळी 52, रकाने पाच : आठवडा, ठरलेले, टाकले, आजवर, कारण. समजा सातव्या आठवड्यात 600 च टाकता आले. मग ओळ अशी : 7, 1,000, 600, 6,600, "सूत नव्हतं, कारखाना दोन दिवस बंद". राहिलेले 400 पुढच्या आठवड्यावर लादू नका. 1,400 जमणार नाहीत, मग तोही आठवडा सुटेल आणि त्याच्या पुढचाही. हंगामाचे 13 आठवडे उरलेत, त्यांच्यावर वाटले तर आठवड्याला 31 रुपये जास्त. ते जमतं. कारणाचा रकाना मात्र सोडू नका, पुढच्या वर्षीचे आकडे त्यातूनच ठरतील.

पगार हातात आला की बाजारात जायच्या आधी पैसे डब्यात. टाकायचे मिस्टरांनी, लिहायचं तुम्ही. "नाही जमायचं" असं ते म्हणतात कारण त्यांनी दरवर्षी फक्त मोडलेलीच बचत पाहिलीये. आजवरची बेरीज त्यांच्या डोळ्यांसमोर वाढू द्या. महिन्याच्या पहिल्या सोमवारी डबा बँकेत रिकामा करा. पाच-सहा हजार घरात साठले की कोणाला ना कोणाला त्यांची गरज पडतेच. गुढीपाडव्याच्या सुमारास, नऊ-दहा आठवडे झाले की, बेरीज 9,000 च्या आसपास आहे का ते बघा. 7,000 च्याही खाली असेल तर 1,000 चा आकडा 800 करा आणि अडीनडीचं उद्दिष्ट तेवढं कमी करा. शाळा आणि आरडीला धक्का लावू नका.

जाऊबाईंचे 5,000 यंदाच्या कोणत्याही बेरजेत धरू नका. पण मागा जरूर. एकदम मागायला जड जातं, म्हणून असं म्हणा : "अक्का, जूनला पोरांची फी आहे. एकदम नकोत, महिन्याला पाचशे दिलेत तरी चालतील." दहा महिन्यांत फिटतील. येतील तसे अडीनडीत टाका. पुन्हा कोणी मागितले तर "पैसे आरडीत अडकलेत" म्हणायला संकोच वाटू देऊ नका, ते खरंच असेल.

बँकेत जाताना आधार, पॅन आणि दोन फोटो न्या. आरडी तुमच्या नावाने काढा, आणि फॉर्मवरचा नॉमिनीचा रकाना भरल्याशिवाय काउंटरवरून उठू नका.