दादरला मुक्काम आणि तीन दिवस मुंबई: लोकलचा टुरिस्ट पास घ्यावा का?

आपण विचारले आहे की कोल्हापूरहून आई-वडिलांना घेऊन तीन दिवसांसाठी दादरला उतरणार असाल, तर लोकलचा टुरिस्ट पास घ्यावा की रोज तिकीट काढावे. माझे मत असे की पास घेऊ नये, आणि त्याचे कारण साधे हिशेबाचे आहे.

दुसऱ्या वर्गाचा तीन दिवसांचा पास ११५ रुपयांना मिळतो आणि तो पश्चिम, मध्य व हार्बर या तिन्ही मार्गांवर चालतो. मात्र दादर ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस (सीएसएमटी) हे तिकीट अवघे ५ रुपयांचे आहे, म्हणजे पास वसूल व्हायला माणशी तेवीस फेऱ्या व्हायला हव्यात. राष्ट्रीय उद्यान पाहायला बोरिवलीला गेलात तरी हे गणित फारसे बदलत नाही.

पासचा खरा फायदा म्हणजे रांग टळते. पण तो शेवटच्या दिवशी मध्यरात्रीपर्यंतच चालतो. गेल्या वर्षी माझ्या काकांनी संध्याकाळी सहाला पास काढला आणि पहिला दिवस जवळजवळ फुकट गेला. त्यापेक्षा सकाळी निघतानाच परतीचे तिकीट काढावे. तिकीट-मशीनजवळ बहुधा एखादे निवृत्त कर्मचारी बसलेले असतात. त्यांना स्थानकाचे नाव आणि 'तीन रिटर्न' एवढे सांगितले की अर्ध्या मिनिटात काम होते.

आई-वडील सोबत असल्याने गर्दीचा विचार पैशांहून आधी करावा. सकाळी आठ ते अकरा दक्षिणेकडे आणि संध्याकाळी साडेपाच ते नऊ उत्तरेकडे जाणाऱ्या लोकलमध्ये त्यांना चढवू नये. या वेळांना आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो ३ वापरावी. तिचे तिकीट अंतरानुसार १० ते ७० रुपये आहे आणि दादर, सिद्धिविनायक, सीएसएमटी, चर्चगेट ही स्थानके तिच्यावरच आहेत. लोकलचा पास तिथे चालत नाही, हे पास न घेण्याचे आणखी एक कारण.

सीएसएमटीहून गेटवेला बेस्टची बस घ्यावी; मे २०२५ पासून साध्या बसचे किमान भाडे १० रुपये आहे, तेव्हा सुटे पैसे जवळ ठेवावेत. आणि लोकलमध्ये चढण्यापूर्वी डब्यावरचे तिरपे पट्टे नक्की पाहावेत. तो प्रथम श्रेणीचा डबा असतो आणि दुसऱ्या वर्गाच्या तिकिटावर तिथे सापडल्यास किमान २५० रुपये दंड आणि वर भाड्यातला फरक भरावा लागतो.