अल्फाफोल्डनंतर प्रोटीन क्रिस्टलोग्राफीत काम उरलं आहे का?

प्रश्न : मी नाशिकला बी.एस्सी. फिजिक्सच्या तिसऱ्या वर्षात आहे. प्रोग्रॅमिंग आवडतं. प्रोटीनच्या अवघड क्रिस्टल रचना संगणकावर सोडवण्यात करिअर करायची इच्छा आहे, पण प्रोटीनची रचना वर्तवणारा अल्फाफोल्ड हा एआय प्रोग्रॅम आल्यापासून त्यात राम उरला नाही असं आमचे सर म्हणतात. काय करू?

उत्तर : सर अर्धे बरोबर आहेत. क्रिस्टलवर एक्स-रे टाकले की डिटेक्टरला ठिपक्यांची तीव्रता मिळते, लहरींची फेज (एकमेकींच्या तुलनेत त्या किती पुढे-मागे आहेत ते) हरवते, आणि फेजशिवाय इलेक्ट्रॉन घनतेचा, म्हणजे अणू कुठे आहेत ते दाखवणारा, नकाशा निघत नाही. सुरुवातीची फेज मिळवण्यासाठी चालणारं मॉडेल 2021पासून अल्फाफोल्ड बऱ्याचदा आयतं देतं. सोप्या रचनांसाठी त्यामुळे खास माणूस लागत नाही. अडलेल्यांसाठी अजूनही लागतो.

मॉडेल जसंच्या तसं वापरणं ही नेहमीची चूक. त्याच्या बी-फॅक्टरच्या (अणू जागेवरून किती हलतो याचा आकडा) रकान्यात पीएलडीडीटी (अल्फाफोल्डने स्वतःच्या अंदाजाला दिलेला 100पैकी गुण) असतो. तो जास्त म्हणजे भाग विश्वासार्ह. बी-फॅक्टरचं नेमकं उलट. आकडे बदलले नाहीत तर सर्वांत चांगल्या भागालाच कमी वजन मिळतं. शिवाय 70च्या खालचे भाग छाटायचे आणि पीएई (दोन भागांच्या परस्पर जागेतली अपेक्षित चूक) बघून डोमेन, म्हणजे स्वतंत्रपणे घडी पडलेले भाग, वेगळे करायचे. फिनिक्स या रचना सोडवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये यासाठी तयार प्रोग्रॅम आहे.

खरी डोकेदुखी डेटात असते. ट्विनिंग (दोन क्रिस्टल एकमेकांत गुंतून वाढणं) आहे का ते एल-टेस्ट या तीव्रतांच्या सांख्यिकी चाचणीने बघायचं : सरासरी 0.5च्या आसपास असेल तर ठीक, 0.375कडे झुकली तर क्रिस्टल जुळा. पी4₁ आणि पी4₃ हे स्पेस ग्रुप (क्रिस्टलच्या सममितीचे प्रकार) तीव्रतेवरून वेगळे ओळखता येत नाहीत, म्हणून मॉडेल क्रिस्टलमध्ये बसवणाऱ्या फेझर या प्रोग्रॅमला दोन्ही तपासायला सांगायचे. फेझरने दिलेल्या गुणांपैकी टीएफझेड 8च्या वर आणि एलएलजी 60च्या वर गेला तर उत्तर बहुधा खरं. पण ट्रान्सलेशनल एनसीएस (न फिरता नुसत्या सरकलेल्या सारख्या प्रती) किंवा कॉइल्ड-कॉइल (एकमेकांभोवती पिळलेले हेलिक्स, म्हणजे मळसूत्रासारखे भाग) असेल तर हे आकडेही फसवतात. चुकीच्या मॉडेलवरून काढलेला नकाशा त्या मॉडेलसारखाच दिसतो! म्हणून मॉडेलमध्ये नसलेलं काही नकाशात उमटतं का ते बघायचं, आणि आर-फ्री (बाजूला ठेवलेल्या डेटाशी मॉडेल किती जुळत नाही याचा आकडा) 0.5च्या आसपास अडकला तर रिफाइनमेंट, म्हणजे मॉडेल डेटाशी जुळवत सुधारणं, रेटत न बसता मागे फिरायचं. ही पारख ज्याला येते, त्याला लॅबमध्ये किंमत आहे.

आता तयारी. फूरिए रूपांतर, लिनिअर अल्जेब्रा, मॅक्सिमम लाइकलीहुड, लिनक्स, पायथॉन. सीसीपी4 (असाच सॉफ्टवेअर संच) आणि फिनिक्स शैक्षणिक कामासाठी मोफत आहेत. लायसोझाइम या कोंबडीच्या अंड्यातल्या प्रोटीनचा डेटा आधी अल्फाफोल्ड मॉडेलने सोडव, मग त्यातल्या 10 सल्फर अणूंच्या सिग्नलवरून. नंतर आर्किम्बोल्डो शिक; छोटे हेलिक्स ठेवून उरलेली साखळी वाढवायची ही 2009 साली प्रसिद्ध झालेली पद्धत आहे. तिला साधारण 2 अँगस्ट्रॉमपर्यंतचा डेटा लागतो.

एम.एस्सी.साठी जॅम ही प्रवेश परीक्षा दे. थेट इंटिग्रेटेड पीएच.डी. हवी असेल तर जेजीईईबीआयएलएस ही जीवशास्त्राची प्रवेश परीक्षा. एम.एस्सी.नंतर नेट-जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर सुरुवातीला दरमहा 37,000 रुपये. पुण्यात आयसर आणि एनसीसीएस (पेशी विज्ञान केंद्र), खारघरला अ‍ॅक्ट्रेक (कर्करोग संशोधन केंद्र), बंगळुरूला आयआयएससी इथल्या संशोधन गटांची पानं वाच. इंदूरच्या इंडस-2 या सिंक्रोट्रॉनवर (तीव्र एक्स-रे देणारं यंत्र) प्रोटीन क्रिस्टलोग्राफीची बीमलाइन आहे, हेही माहीत असू दे.

फक्त या संगणकी कामाच्या नोकऱ्या थोड्या आहेत, तेव्हा क्रायो-ईएम (गोठवलेल्या नमुन्यांचं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शन) जोडीला शिकच. उन्हाळी प्रोजेक्टसाठी मेल करताना लायसोझाइमचे आर-फ्री आणि नकाशाचं चित्र जोड.