कुत्रा डोळ्यात औषध घालू देत नसेल तर काय करावे?
बाटली दिसताच तुमचा कुत्रा पलंगाखाली शिरतो, असे तुम्ही लिहिले आहे. बहुतेक कुत्र्यांना औषधापेक्षा समोरून डोळ्याकडे येणाऱ्या हाताची भीती वाटते. म्हणून त्याची पाठ तुमच्याकडे करून त्याला दोन पायांमध्ये बसवावे, म्हणजे त्याला मागे सरकता येत नाही. डाव्या हाताने हनुवटी वर उचलून अंगठ्याने खालची पापणी किंचित ओढावी, बाटली धरलेला उजवा हात मागून आणून कपाळावर टेकवावा आणि एक-दोन सेंटिमीटरवरून एकच थेंब सोडावा. हात कपाळावर टेकलेला असला की कुत्र्याने मान हलवली तरी हातही तिच्याबरोबर हलतो आणि बाटलीचे टोक बुबुळाला लागत नाही.

थेंब पडताच, त्याच क्षणी, आवडीचा खाऊ द्यावा. आमची कुत्री उकडलेल्या चिकनच्या तुकड्यासाठी चौथ्या दिवसापासून आपणहून येऊन बसू लागली. बाटली फ्रीजमधली असेल तर ती आधी मुठीत धरून कोमट करावी. दोन औषधे असल्यास मध्ये पाच मिनिटे जाऊ द्यावीत आणि मलम शेवटी लावावे.

एक कळकळीची विनंती आहे: घरातील माणसांचे उरलेले थेंब वापरू नयेत, कारण त्यांत स्टेरॉइड (सूज कमी करणारे औषध) असू शकते आणि बुबुळावर जखम असताना ते डोळ्यात गेल्यास जखम चिघळून डोळा गमावण्याची वेळ येऊ शकते. कुत्रा डोळा मिटूनच ठेवत असेल, तर त्याच दिवशी पशुवैद्यांना दाखवावे.