हजेरीची सही म्हणजे पाड्याची संमती नव्हे

प्रश्न : मी वारली समाजाची. आमचा पाडा मुंबईलगतच्या एका महापालिकेच्या हद्दीत, जंगलाला लागून आहे. महापालिकेने हवामान कृती आराखड्यासाठी सल्लागार समिती केली आणि मला ‘आदिवासी प्रतिनिधी’ म्हणून घेतलं. नेमणुकीचं पत्र नाही, फोन करून बोलावतात. पाड्याच्या वरच्या वनजमिनीत निसर्ग उद्यान करायचं चाललंय. करवंदं, कंद, रानभाज्या आम्ही तिथूनच आणतो, झराही तिथेच आहे. मी बैठकीत विरोध केला. इतिवृत्तात मात्र ‘आदिवासी प्रतिनिधींशी चर्चा झाली, हरकत नाही’ असं आलं. हजेरीपटावर माझी सही आहे. पाड्यातले म्हातारे म्हणतात, तू जंगल देऊन टाकलंस. राजीनामा देऊ का?

उत्तर : ताई, राजीनामा देऊ नका, निदान आत्ता तरी. आज बाहेर पडलात तर ते इतिवृत्त तसंच राहील आणि ते खोडायला आत कुणी उरणार नाही.

तुम्ही जंगल दिलेलं नाही. ते एकट्याने देण्याचा अधिकार कायद्याने कुणालाच दिलेला नाही. वनहक्क कायदा, 2006 मध्ये हा अधिकार ग्रामसभेचा, म्हणजे पाड्यातल्या सगळ्या प्रौढ बायामाणसांचा आहे. 2012 च्या सुधारित नियमांनुसार सभेला निम्मे सभासद हजर लागतात आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बाया. ओडिशातल्या नियमगिरी डोंगरावरच्या खाणीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये निर्णय ग्रामसभांपुढेच पाठवला होता. समितीतला एक प्रतिनिधी त्या सभेची जागा घेऊ शकत नाही.

‘शहरात कसली ग्रामसभा?’ असं तुम्हाला ऐकवलं जाईल. पेसा कायदा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, फक्त अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींपुरता आहे, त्याचा आधार महापालिकेच्या हद्दीत मिळत नाही, हे खरं. पण वनहक्क कायद्याला तशी मर्यादा नाही. त्याच्या व्याख्येत जुन्या वस्त्याही गाव म्हणून येतात आणि छत्तीसगडमध्ये जगदलपूर शहराच्या हद्दीत असे हक्क दिले गेले आहेत. जमीन वनजमीन असणं ही मुख्य अट आहे. म्हणून सातबारा आणि वनविभागाचा नकाशा आधी काढा.

आता इतिवृत्ताचं बघू. पुढच्या बैठकीत ते कायम होण्याआधी आयुक्तांना पत्र द्या. त्यात एवढंच लिहा : ‘अमुक तारखेच्या बैठकीत मी उद्यानास विरोध नोंदवला होता. इतिवृत्तातील “हरकत नाही” ही नोंद चुकीची असून ती दुरुस्त करावी. माझी उपस्थिती ही पाड्याची संमती नाही. संमती देण्याचा अधिकार ग्रामसभेचा आहे.’ दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, शिक्का आणि तारखेसह. तोंडी आश्वासनावर परत येऊ नका.

त्याच दिवशी माहिती अधिकाराचा अर्ज टाका. समिती कोणत्या आदेशाने नेमली, तिला अधिकार कोणते, तुमची नेमणूक कशी झाली, सगळ्या बैठकांची इतिवृत्तं कुठे आहेत, हे विचारा. उत्तराची मुदत 30 दिवस आहे. समित्यांच्या बैठका आणि इतिवृत्तं लोकांना खुली आहेत का, हे तर त्या कायद्याच्या कलम 4 नुसार महापालिकेने न विचारताच जाहीर करायला हवं. माझा अंदाज आहे की ही समिती निव्वळ सल्ला देणारी निघेल. हवामान कृती आराखडा हा स्वतः कायदा नाही, त्यातल्या ओळीने कुणाचा जमिनीवरचा हक्क जात नाही. उद्यानाचं आरक्षण विकास आराखड्यात आलं असेल तर प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाखाली हरकतींची मुदत असते. ती चुकवू नका.

पाड्याची खरी ताकद मला दुसरीकडे दिसते, आणि तुम्ही नेतृत्व तिथे करावं असं मनापासून वाटतं. त्या जंगलावर सामूहिक वनहक्काचा दावा करा. गोळा करण्याच्या आणि पाण्याच्या हक्कांसाठी नमुना ‘ख’, जंगलाच्या राखणीच्या आणि व्यवस्थापनाच्या हक्कासाठी नमुना ‘ग’. वनहक्क नियमांतल्या नियम 13 प्रमाणे वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब पुरावा धरले जातात. कंदमुळं आणि रानफळं गोळा करायच्या जागा, पाण्याचे स्रोत यांचाही पुराव्यात उल्लेख आहे. आज जे म्हातारे तुमच्यावर रागावले आहेत, त्यांच्याकडेच बसून हे लिहून घ्या. त्यांना कायदा समजावण्याची ती सगळ्यात चांगली वेळ असेल. वनहक्क कायद्याच्या कलम 5 खाली जंगल, वन्यजीव आणि जैवविविधता राखण्याचा अधिकार ग्रामसभेला आहे. म्हणजे मग महापालिकेला झऱ्याबद्दल बोलायचं तर सभेपुढे यावं लागेल.

याच्या जोडीला महापालिकेची जैवविविधता व्यवस्थापन समिती कुठे आहे ते विचारा. 2002 च्या जैवविविधता कायद्याने ती प्रत्येक स्थानिक संस्थेला बंधनकारक आहे. राष्ट्रीय हरित लवादाने, म्हणजे पर्यावरणाचे खटले बघणाऱ्या न्यायपीठाने, समित्या आणि नोंदवह्या पूर्ण करायला 31 जानेवारी 2020 ही मुदत घातली, तरी काही ठिकाणी काम कागदावरच राहिलं. लोकजैवविविधता नोंदवही, म्हणजे इथली झाडं, प्राणी आणि त्यांबद्दलचं लोकांचं ज्ञान लिहून ठेवणारी वही, हे त्या समितीचं मुख्य काम. तुमच्या रानभाज्यांची आणि औषधी झाडांची माहिती तिथे पाड्याच्या नावाने नोंदवली जावी आणि सदस्यत्व लेखी आदेशानेच मिळावं, अशी मागणी करा.

सल्लागार समितीत पुढे बसायचं की नाही, ते पाड्याच्या सभेत ठरवा. सभेने ठराव करून पाठवलं तर जा, आणि तुम्ही काय बोलू शकता, कशावर सही करणार नाही, हे त्या ठरावातच लिहून घ्या. बरोबर दुसरी बाई न्या. एकटीवर दबाव सहज येतो.

दुरुस्ती झाली नाही आणि काम सुरू झालं तर वनहक्काचा मुद्दा घेऊन उच्च न्यायालयात जावं लागेल. हरित लवाद ज्या कायद्यांखालचे खटले ऐकतो त्यांच्या यादीत वनहक्क कायदा नाही, म्हणून तिकडे वेळ घालवू नका. वकिलाच्या फीची चिंता नको. अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला आणि कुठल्याही स्त्रीला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट न लावता. जिल्हा न्यायालयाच्या आवारात त्यांचं कार्यालय असतं. जाताना जातीचा दाखला, इतिवृत्ताची प्रत आणि पोच घेतलेलं पत्र बरोबर ठेवा.