ब्रीडरने पिल्लाचे कबूल केलेले केसीआय पेपर (केनेल क्लब ऑफ इंडियाचा जातीचा नोंदणी दाखला) दिले नाहीत, तर काय करता येईल?

‘केसीआय पेपर महिनाभरात देतो’ या बोलीवर 35 हजारांना लॅब्रेडोरचं पिल्लू घेतलंत, आठ महिने झाले आणि आता ब्रीडर फोन उचलत नाही. तर आधी एवढंच शोधा: पेपर अडकलेत, की मुळात होणारच नाहीत? केनेल क्लब ऑफ इंडियाकडे पिल्लांची नोंद ब्रीडरनेच करायची असते आणि त्यासाठी आई-बाप दोघंही नोंदणीकृत लागतात. व्हॉट्सअ‍ॅपवर त्या दोघांचे नोंदणी क्रमांक मागा. तिथेही टाळाटाळ झाली, तर पेपरची आशा सोडा. क्लबला जरूर कळवा, पण पैसे परत करायला लावण्याचा अधिकार क्लबला नाही.

तो अधिकार जिल्हा ग्राहक आयोगाला आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, ब्रीडर परगावचा असला तरी. मुदत 2 वर्षं. मोजलेली किंमत 5 लाखांच्या आत असल्याने फी नाही. वकील सक्तीचा नाही. तक्रारीआधी ब्रीडरला 15 दिवसांची नोटीस स्पीड पोस्टने पाठवा, पोचपावती जपा. गाडी अडते ती पत्त्यावर. अनेकांकडे नुसता मोबाइल नंबर असतो आणि यूपीआयवर नाव भलत्याचंच. पत्ता आधी काढा.

पैसे रोख दिले असतील तर भांडू नका. ‘दादा, 35 हजार दिले तेव्हा पेपर महिन्यात देतो म्हणालात, कधी देताय?’ असा साधा मेसेज टाका. ‘देतो हो, थोडं थांबा’ एवढं उत्तर आलं तरी व्यवहार कबूल झाला. चॅट लगेच एक्स्पोर्ट करा, जाहिरातीचा स्क्रीनशॉट काढा.

मागायचं काय? घरात रुळलेलं कुत्रं कोणी परत देत नाही. म्हणून किमतीतला फरक मागा: त्याच जातीची बिनपेपरची पिल्लं कितीला जातात, त्याच्या दोन-तीन जाहिराती जोडा. वर त्रासाची भरपाई आणि खर्च. ‘ब्रीडिंगचं उत्पन्न बुडालं’ हे वाक्य मात्र चुकूनही लिहू नका. खरेदी धंद्यासाठी ठरली की तुम्ही ग्राहकच उरत नाही!

पोलीस बहुधा ‘दिवाणी वाद आहे’ म्हणून परत पाठवतात. ब्रीडरने दिलेले नोंदणी क्रमांक खोटे निघाले, तर मात्र भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली फसवणुकीची तक्रार टिकू शकते. शिवाय कुत्र्यांच्या पैदास-विक्रीच्या 2017 च्या नियमांनुसार ब्रीडरला राज्य प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी लागते. ती नसेल तर नोटिशीत तसं लिहा. पुष्कळदा त्या एका ओळीनेच फोन येतो.