जिप्सीला 31 इंची मड टेरेन टायर घालावेत का?

आपण विचारले आहे की जुनी सॉफ्ट टॉप जिप्सी किंग आणखी हलकी करून पावसाळी वाटांसाठी आणि अधूनमधून ऑटोक्रॉससाठी, म्हणजे मातीच्या वळणावळणाच्या ट्रॅकवरच्या शर्यतीसाठी, तयार करायची आहे, तर तिला 31 इंची मड टेरेन, म्हणजे चिखलासाठीच्या खोल खाचांचे, टायर आणि 10 इंच रुंदीच्या अलॉय रिम घ्याव्यात का. घेऊ नयेत. त्या रिम तर मुळीच नकोत, कारण 31 बाय 10.50 मापाच्या टायरसाठी टायर कंपन्याच 7 ते 9 इंच रुंदीची रिम सांगतात. 10 इंची रिमवर तो ताणून बसतो, हवा कमी केली की बीड, म्हणजे टायरची रिमला धरणारी कड, सुटण्याचा धोका वाढतो आणि साइडवॉल, म्हणजे टायरची बाजू, दगडासमोर उघडी पडते. खरे तर एवढे उत्तर पुरेसे होते. परंतु हाच वाद आमच्या घरात थोरल्या बहिणीच्या यजमानांशी, म्हणजे दाजींशी, कित्येक वर्षे चालू असल्यामुळे जरा विस्ताराने लिहितो.

1985 च्या डिसेंबरात आलेली मारुतीची ही गाडी आजही डोंगरात मान वर करून चालते ती वजनामुळे. सॉफ्ट टॉप जिप्सी किंग हजार किलोच्या आतच भरते. शेवटच्या पिढीतल्या 1.3 लिटर एमपीएफआय, म्हणजे इंधन फवारणीच्या, इंजिनाची ताकद 80 अश्वशक्ती आणि टॉर्क 103 न्यूटन मीटर. पुढेमागे अखंड एक्सल, म्हणजे दोन्ही चाके जोडणारा एकच दांडा, आणि चारही बाजूंना स्प्रिंग म्हणून पाटे. आजची साधी हॅचबॅकसुद्धा कागदावर हिच्यापेक्षा दांडगी दिसेल. तरीही हिमालयातल्या आणि वाळवंटातल्या रॅलींमध्ये ही गाडी वर्षानुवर्षे टिकली, कारण तिला ओढायला फारसे वजन नव्हते आणि जे होते ते चिखलात रुतत नव्हते. अशा गाडीला प्रत्येकी साधारण 20 किलोचा एकेक मड टेरेन टायर आणि वर रुंद रिम लावणे म्हणजे कबड्डीच्या खेळाडूला गमबूट घालून मैदानात उतरवणे होय. हे वजन स्प्रिंगच्या खाली असते, म्हणजे पाट्यांना आणि शॉकअॅब्सॉर्बरला ते प्रत्येक खड्ड्यात सावरावे लागते. शिवाय ते फिरते वजन असते आणि त्यातले बरेचसे चाकाच्या कडेला असते, त्यामुळे वेग घेताना इंजिनाला आणि थांबताना ब्रेकला ते पुन्हा वेगळे मोजावे लागते.

मापाचा हिशेब तर शाळकरी आहे. जिप्सी किंगच्या मूळ 205/70 आर 15 या टायरचा व्यास साधारण 668 मिलिमीटर येतो आणि 31 इंच म्हणजे 787 मिलिमीटर. फरक सुमारे 18 टक्के. म्हणजे काहीही न बदलता तुमचा प्रत्येक गिअर 18 टक्क्यांनी उंच झाला. स्पीडोमीटर 60 दाखवेल तेव्हा गाडी 70 च्या पुढे असेल, आणि ज्या चढावर आज दुसरा गिअर पुरतो तिथे पहिल्यावर यावे लागेल. ऑटोक्रॉसमध्ये, जिथे प्रत्येक वळणानंतर नव्याने वेग घ्यायचा असतो, तिथे हा व्यवहार तोट्याचाच आहे.

दाजींना हा हिशेब मी कागदावर मांडून दाखवला होता. त्यांचे उत्तर असे की डकार रॅलीच्या गाड्यांना मोठेच टायर असतात. असतात, 2016 साली पीटरहान्सेलने जिंकलेली प्यूजो 2008 डीकेआर 37 इंची टायरांवरच धावत होती. परंतु त्या टायरांमागे 3 लिटरचे ट्विन टर्बो डिझेल व्ही 6 इंजिन होते आणि ती गाडी मुळात त्या मापासाठीच बांधली होती. हलक्या गाडीचेच उदाहरण हवे असेल तर इंग्लंडमधल्या सॉमरसेटमध्ये तयार झालेली पहिल्या पिढीची एरियल नोमॅड पाहावी. 2015 साली आलेली ही उघड्या सांगाड्याची गाडी जेमतेम 670 किलोची होती आणि तिचे होंडा इंजिन 235 अश्वशक्तीचे होते. ताकदीच्या मानाने तिने कोणतेही टायर फिरवले असते, तरी बनवणाऱ्यांनी तिला 15 इंची रिम आणि बेताचे ऑल टेरेन, म्हणजे सर्व प्रकारच्या वाटांचे, टायर दिले.

तर दाजींनी अखेर आपल्या जिप्सीला 31 इंची टायर घेतले, रुंद रिम घेतल्या, मडगार्ड कापले, पाट्यांना चॅसीशी जोडणारे शॅकल लांब करून गाडी उचलून घेतली आणि गाडी दिसायला खरोखर रुबाबदार झाली. जुलैमध्ये भोर तालुक्यात एका ओळखीच्या शेतमालकाच्या जागेत आम्ही दोघेही गेलो. भातखाचरांच्या कडेने जाणारी वाट, वर वीतभर चिखल आणि खाली घट्ट मुरूम, आणि शेवटी उघड्या काळ्या दगडाचा पायऱ्यापायऱ्यांचा चढ. माझ्या जिप्सीला 215/75 आर 15 चे ऑल टेरेन टायर आणि साध्या लोखंडी रिम होत्या, आणि वाट सुरू होण्यापूर्वी मी टायरमधल्या हवेचा दाब 16 पीएसआयपर्यंत उतरवला. दाजींना म्हटले, तुम्हीही उतरवा. ते म्हणाले, “एवढे मोठे टायर घेतले ते हवा काढायला का?”

या एका वाक्यात मला वाटते सगळी गल्लत आहे. त्यांचे टायर जड गाड्यांसाठी बनवलेले, जाड साइडवॉलचे होते. प्रत्येक चाकावर जिप्सीचे वजन येते अडीचशे किलोच्या आसपास. तेवढ्याने तसा टायर 30 पीएसआयला दबतच नाही, लाकडी चाकासारखा ताठ राहतो आणि त्याचा मधला पट्टा तेवढा जमिनीला टेकतो. हवा निम्मी केली तर टेकणारा भाग जवळपास दुप्पट होतो आणि तो मुख्यतः लांबीत वाढतो, म्हणजे जिथे पकड मिळते तिथे. चिखलात त्यांचा रुंद टायर खालच्या मुरमापर्यंत पोचेना, वरच तरंगत घसरू लागला. खाचरातली चिकण माती लगांमध्ये, म्हणजे टायरच्या उंचवट्यांमध्ये, गच्च बसली. मड टेरेनचे लग स्वतःला साफ करतात हे खरे, पण त्यासाठी चाक जोरात फिरावे लागते, आणि उंच झालेल्या गिअरिंगवर 80 अश्वशक्तीला ते जमेना. क्लचचा वास आला. शेवटी लो रेंजमध्ये, म्हणजे फोर बाय फोरच्या जास्त ओढीच्या गिअरिंगमध्ये, मागे घेऊन, वेग देऊन त्यांनी तो टप्पा काढला. दाजी गाडी चांगली चालवतात हे मी कधी नाकारलेले नाही.

दगडाच्या दुसऱ्या पायरीवर मात्र पुढचे डावे चाक खाचेत अडकले. स्टिअरिंग पूर्ण वळवलेले होते आणि त्याच अवस्थेत त्यांनी अॅक्सिलरेटर दाबला. कड् असा आवाज झाला आणि पुढच्या एक्सलमधला बर्फील्ड जॉइंट, म्हणजे वळलेल्या चाकापर्यंत ताकद पोचवणारा सांधा, गेला. हा जॉइंट जिप्सीचा जुना दुबळेपणा आहे. चाक पूर्ण वळलेले असताना तो सर्वांत कमजोर असतो आणि टायरचा व्यास जितका मोठा तितका अडकलेले चाक सोडवायला त्याच्यावर पीळ जास्त येतो. त्यानंतर माझी जिप्सी त्याच दगडावर डिफरन्शियल, म्हणजे एक्सलवरचा गिअरचा गोळा, घासत, जरा बेढब रीतीने, पण चढली आणि वरून दोर टाकून मी त्यांना ओढून घेतले. दाजींचे म्हणणे आजही असे आहे की तो पार्ट जुना झाला होता. जुना होताच, पण तोच जुना पार्ट त्याआधी लहान टायरांवर कितीतरी पावसाळे निमूटपणे चालला होता.

म्हणून माझे मत असे की आपण 215/75 आर 15 घ्यावेत आणि अगदीच मन होत असेल तर 235/75 आर 15 वर थांबावे. पहिल्याने व्यास पाच टक्के वाढतो, दुसऱ्याने दहाच्या आत. पहिल्याला साडेपाच ते सात इंचांची रिम चालते, दुसऱ्याला सहा ते आठ. टायर पॅसेंजर बांधणीचा, म्हणजे मऊ साइडवॉलचा निवडावा, दुकानदार दहा प्लायच्या, म्हणजे जाड ताठ बांधणीच्या, टायरचा कितीही आग्रह करो. रिम 15 इंचीच ठेवावी, म्हणजे साइडवॉलला उंची राहते. अलॉयने थोडे वजन वाचते हे मान्य, पण स्वस्त ओतीव अलॉय दगडावर आपटली की तडकते, तर लोखंडी रिम आडगावच्या पंक्चरवाल्याकडेही ठोकून सरळ होते. पाच नटांचे 139.7 मिलिमीटरचे पीसीडी, म्हणजे नटांच्या वर्तुळाचा व्यास, जुन्या महिंद्रा जीपशी जुळते म्हणून कोणी तिकडची रिम गळ्यात मारू पाहील. मधल्या भोकाचे माप आणि ऑफसेट, म्हणजे चाक किती आत किंवा बाहेर बसते ते, पाहिल्याशिवाय घेऊ नये. चाक जितके बाहेर येईल तितका हबच्या बेअरिंगवर भार येतो आणि पॉवर स्टिअरिंग नसलेल्या गाडीत प्रत्येक दगड तुमच्या मनगटाला कळतो. उरलेल्या पैशांत चांगला कॉम्प्रेसर आणि प्रेशर गेज घ्यावा. बीडलॉक, म्हणजे बीड रिमला आवळून धरणारी कडी, नसेल तर 12 पीएसआयच्या खाली सहसा जाऊ नये, आणि डांबरी रस्त्यावर येताच हवा पुन्हा भरावी.

एक गोष्ट दाजींच्या बाजूने सांगायला हवी. डिफरन्शियलच्या खालची जागा टायरच्या व्यासानेच वाढते, गाडी उचलून वाढत नाही. ट्रॅक्टरांनी खोल चाकोऱ्या पाडलेल्या वाटेवर किंवा मोठ्या धोंड्यांच्या नाल्यात 31 इंची टायरने मिळणारे 6 सेंटिमीटर फार मोलाचे ठरतात. आपल्या वाटा प्रामुख्याने तशाच असतील तर ते टायर घ्यावेत, पण मग एक्सलचे गिअर बदलणे आणि पुढचे जॉइंट मजबूत करणे हा खर्च त्याच यादीत धरावा. शिवाय मोटार वाहन कायद्याचे कलम 52 आणि 2019 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पाहता कंपनीच्या तपशिलापलीकडचा बदल आरटीओत आणि विम्याच्या दाव्यात अडचणीचा ठरू शकतो. रोजच्या रस्त्यावर ही गाडी चालवणार असाल तर हे आधी पाहावे.

आणि टायर घ्याल ते पाच घ्या. जिप्सीच्या पुढच्या आणि मागच्या एक्सलच्या दरम्यान, त्यांच्या वेगातला फरक सोसणारे, वेगळे डिफरन्शियल नाही, त्यामुळे फोर बाय फोरमध्ये वेगळ्या मापाचे एक चाकसुद्धा पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या ट्रान्स्फर केसला पीळ देते. दाजींची नवी चाके मागच्या दाराला पेलवेनात म्हणून त्यांनी स्टेपनी जुन्या मापाचीच ठेवली आहे, आणि याबाबतीत तरी ते माझ्याशी वाद घालत नाहीत.