कॉफी, काफा आणि बुंद

इथिओपियातील यिर्गाचेफे येथील कॉफीच्या पाकिटावर, ‘कॉफी’ हा शब्द त्या देशातल्या काफा प्रांताच्या नावावरून आला, असे छापलेले आपल्याला आढळले. ते खरे आहे का, आणि त्याच पाकिटावरच्या ‘सिंगल ओरिजिन’ला मराठीत काय म्हणावे, असे आपण विचारले आहे.

काफाची व्युत्पत्ती फार लोकप्रिय आहे. मला मात्र ती पटत नाही. आज आपण जिला अरेबिका म्हणतो त्या कॉफीची रानटी झाडे प्रामुख्याने इथिओपियाच्या नैऋत्येकडील डोंगराळ जंगलांत आढळतात आणि काफा हा त्याच पट्ट्यातला प्रदेश आहे, एवढे खरे. परंतु झाड जिथले, शब्दही तिथलाच असला पाहिजे, असा नियम नाही. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 मध्ये या झाडाला ‘कॉफिया अरेबिका’ हे शास्त्रीय नाव दिले, कारण युरोपला ते अरबस्तानामार्फत ठाऊक झाले होते. शब्दाचा प्रवासही त्याच वाटेने झालेला दिसतो. अरबी ‘कहवा’, त्यावरून तुर्की ‘काह्वे’, पुढे इटालियन ‘काफ्फे’ आणि डच ‘कोफी’, व तिथून इंग्रजीमार्गे आपल्याकडची ‘कॉफी’, अशी ही साखळी आहे. शिवाय अरबीतला ‘कहवा’ हा शब्द कॉफीपेक्षा जुना असून तो आधी मद्यासाठी वापरला जाई. अरबी कोशकार त्याचा संबंध भूक मंदावण्याच्या अर्थाच्या धातूशी जोडतात. पंधराव्या शतकात येमेनमधील सुफी साधक रात्रीच्या जपासाठी जागे राहता यावे म्हणून हे पेय घेऊ लागले, आणि मद्याचे जुने नाव नव्या पेयाला मिळाले. सर्वांत अडचणीची गोष्ट म्हणजे खुद्द काफाच्या भाषेत कॉफीला ‘बुनो’ म्हणतात. ज्या प्रांतावरून जगाने शब्द घेतला असे सांगितले जाते, तिथे कॉफीचे नाव वेगळेच आहे!

हा ‘बुनो’च आपल्या दृष्टीने अधिक रंजक आहे. अम्हारिक आणि ओरोमो या इथिओपियातल्या दोन मोठ्या भाषांत कॉफीला ‘बुना’ म्हणतात, अरबीत कॉफीच्या बियांना ‘बुन्न’ म्हणतात, आणि जुन्या मराठीत याच बियांना ‘बुंद’ हा शब्द होता. म्हणजे पेयाचे नाव युरोपमार्गे लांबचा वळसा घेऊन आपल्याकडे आले, तर बियांचे नाव त्याआधीच समुद्र ओलांडून आले होते. आता ‘बुंद’ म्हटले की कोणाच्याही डोळ्यांसमोर कॉफी येत नाही, ही मला खंत वाटते. जाता जाता, इथिओपियात पाहुण्यांना जेबेना नावाच्या मातीच्या सुरईतून तीन फेऱ्यांत कॉफी वाढतात. त्यांतल्या पहिल्या, कडक फेरीला ‘अबोल’ म्हणतात, आणि मराठी कानाला काहीही वाटले तरी तिचे नाते मौनाशी नसून ‘अव्वल’शी जोडले जाते, तिसरी ‘बरका’, आणि ती आपल्या ‘बरकत’ची सख्खी बहीण आहे.

आता पाकिटावरच्या स्थलनामाकडे वळू. यिर्गाचेफे हे दक्षिण इथिओपियाच्या गेदेओ भागातले गाव असून तिथली लागवड साधारण 1,700 ते 2,200 मीटर उंचीवर आहे. थंड हवेत फळ सावकाश पिकते आणि बी घट्ट होते. फळाचा गर काढून, चिकट थर आंबवून, पाण्याने धुऊन वाळवलेल्या तिथल्या बियांच्या कॉफीला मोगऱ्याच्या जातीच्या फुलांचा, लिंबाच्या सालीचा आणि बर्गामॉट या संत्र्यासारख्या सुवासिक फळाचा वास येतो; अंगाने ती इतकी हलकी असते की चिकोरी घातलेल्या दाट कॉफीची सवय असलेल्याला हा चहाच वाटावा. पूर्वेकडच्या हरारला अख्खी फळेच उन्हात वाळवतात. त्यामुळे त्या कॉफीला पिकल्या बेरीचा गोडवा आणि थेट द्राक्षासवाची आठवण देणारी आंबूस चव येते. ‘कहवा’च्या जुन्या अर्थाशी मात्र या योगायोगाचा काही संबंध नाही. नावाला मोल असल्यामुळेच इथिओपिया सरकारने सिदामो (हाही दक्षिणेकडचा कॉफीचा प्रदेश), हरार आणि यिर्गाचेफे या नावांवर अमेरिकेत व्यापारचिन्हाचा हक्क मागितला, आणि त्यावरून स्टारबक्सशी झालेला वाद 2007 मध्ये समझोत्याने मिटला.

‘सिंगल ओरिजिन’साठी ‘एकमूळ’ असा शब्द करता येईल, पण तो वैद्यकातला वाटतो आणि अर्थही पोहोचवत नाही. मराठीची स्वतःची रीत सोपी आहे: देवगडचा हापूस, वायगावची हळद. त्याच धर्तीवर ‘यिर्गाचेफेची कॉफी’ म्हटले की काम होते, आणि जातिवाचक संज्ञा हवीच असेल तर ‘एकाच ठिकाणची कॉफी’ म्हणावे. ‘एकाच मळ्याची’ असे मात्र लिहू नये. गेदेओत कॉफी घराभोवतीच्या लहान तुकड्यांवर, केळीसारख्या दिसणाऱ्या एन्सेटच्या झाडांच्या सोबतीने पिकते आणि शेकडो कुटुंबांची फळे एकाच धुलाई केंद्रावर एकत्र होतात; त्यामुळे तिथे ‘ओरिजिन’ म्हणजे बहुधा ते केंद्र किंवा त्याभोवतीचा परिसर असतो. अदिस अबाबात 2008 मध्ये सुरू झालेल्या कृषिमाल बाजारात तर प्रदेश आणि प्रत पाहून माल एकत्र विकला जाई, त्यामुळे विशिष्ट केंद्राचे नाव शेवटपर्यंत टिकणे कठीण होते. 2017 च्या सुधारणांनंतर ते नाव पाकिटापर्यंत पोहोचणे सोपे झाले. आपल्या पाकिटावर यिर्गाचेफेच्या खाली आणखी एखादे लहान गावाचे नाव असेल, तर ते बहुतेक अशाच केंद्राचे असेल.